उंच इमारतीच्या आकाराने वाऱ्याच्या बाबतीत नेमके काय बदलते?

प्रश्न असा आहे की गोल किंवा वर निमुळती होत जाणारी इमारत चौकोनी इमारतीपेक्षा वाऱ्याला अधिक चांगले तोंड देते का, आणि देत असेल तर जगातल्या बहुतेक उंच इमारती तरीही चौकोनीच का असतात. शिवाय, अलीकडे जे पीळ घातल्यासारखे दिसणारे मनोरे उभे राहत आहेत, त्यांत वाऱ्याचा विचार किती आणि केवळ देखणेपणाचा भाग किती, हेही विचारले आहे. उंच इमारतींची संरचना आणि वाऱ्याच्या चाचण्या हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

आकाराचा परिणाम निश्चितच मोठा असतो. मात्र तो समोरून बसणाऱ्या धक्क्यात शोधला, तर त्याचा खरा भाग नजरेतून सुटतो. इमारतीच्या समोरच्या बाजूवर वारा दाब देतो आणि मागच्या बाजूला चूषण निर्माण होते, त्यामुळे इमारत वाऱ्याच्या दिशेने किंचित झुकते आणि झुळुकांबरोबर त्याच दिशेत थोडी मागेपुढे होते. हे बल पुष्कळ मोठे असू शकते, उंचीबरोबर वाऱ्याचा वेग वाढत असल्याने ते वर वर वाढतही जाते, पण त्याचा हिशेब करणे तुलनेने सोपे आहे आणि पुरेशा जाडीच्या भिंती व खांब देऊन ते पेलता येते. इमारत एका मर्यादेपलीकडे उंच आणि सडपातळ झाली, की तिच्या रचनेवर खरा ताबा वाऱ्याला काटकोनात होणारी हालचाल घेते. वारा पश्चिमेकडून येत असतो आणि इमारत उत्तर-दक्षिण डोलत असते. आकाराची खरी परीक्षा या आडव्या हालचालीत होते.

तिचे कारण भोवरे. वाहती हवा इमारतीच्या कडेशी आली, की तिला एकदम वळता येत नाही. ती पृष्ठभागापासून सुटते आणि मागे गुंडाळली जाऊन तिचा भोवरा तयार होतो. हे भोवरे दोन्ही बाजूंना एकाच वेळी सुटत नाहीत. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, असे आलटून-पालटून सुटतात आणि प्रत्येक वेळी इमारतीला आळीपाळीने त्या-त्या बाजूला ओढ बसते. चेक शास्त्रज्ञ व्हिन्सेन्स स्ट्राउहाल यांनी 1878 मध्ये वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांचा अभ्यास करताना या नियमिततेचे मोजमाप केले. भोवऱ्यांची वारंवारता ही वाऱ्याचा वेग भागिले वस्तूची रुंदी या राशीच्या प्रमाणात असते आणि त्या प्रमाणाचा स्थिरांक वस्तूच्या आकारावर ठरतो. तोच स्ट्राउहाल अंक. टोकदार कोपऱ्यांच्या चौरसासाठी तो सुमारे 0.12 आणि वर्तुळासाठी साधारण 0.2 असतो.

प्रत्येक इमारतीची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. भोवऱ्यांची लय तिच्याशी जुळली, की झोक्याला योग्य क्षणी दिलेल्या हलक्या धक्क्यांसारखा परिणाम होतो आणि प्रत्येक फेरीगणिक हालचाल वाढत जाते. ती कुठवर वाढेल हे अवमंदनावर, म्हणजे इमारत स्वतः किती ऊर्जा जिरवते यावर अवलंबून असते. उंच इमारतींत रोजच्या वाऱ्याच्या पातळीवर हे अवमंदन फार थोडे, क्रांतिक अवमंदनाच्या, म्हणजे डोलणे अजिबात होऊ न देण्याइतक्या अवमंदनाच्या, साधारण 1 ते 2 टक्के एवढेच असते.

एक हिशेब मांडला म्हणजे हे नीट कळेल. 46 ला मीटरमधल्या उंचीने भागले, की इमारतीची नैसर्गिक वारंवारता ढोबळमानाने मिळते. 300 मीटर उंचीच्या इमारतीसाठी ती सेकंदाला सुमारे 0.15 आवर्तने येते, म्हणजे एका डोलण्याला साडेसहा सेकंद. ही इमारत चौरस आणि 40 मीटर रुंद असेल, तर भोवऱ्यांची लय तिच्याशी जुळायला सेकंदाला 51 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 184 किलोमीटर वेगाचा वारा लागेल. तेवढीच उंच पण फक्त 20 मीटर रुंद इमारत घेतली, तर हाच वेग निम्म्यावर, ताशी 92 किलोमीटरवर येतो. 300 मीटर उंचीवर असा वारा बऱ्याच ठिकाणी मोठ्या वादळात येतोच. पहिल्या इमारतीला बहुतेक ठिकाणी आयुष्यात क्वचितच भेटणारी परिस्थिती दुसरीला वारंवार भेटते. रुंदी निम्मी केल्याचा परिणाम केवळ ताकदीच्या हिशेबापुरता मर्यादित राहत नाही, तो असा.

आता याच आकड्यांत वर्तुळ बसवून पाहू. स्ट्राउहाल अंक 0.2 धरला, तर 20 मीटर व्यासाच्या गोल मनोऱ्यासाठी लय जुळण्याचा वेग ताशी 55 किलोमीटरच येतो. म्हणजे गोल आकारात अनुनाद, अर्थात दोन्ही लयी जुळण्याची स्थिती, अधिक लवकर, अधिक नेहमीच्या वाऱ्यात गाठला जातो. कमी वेगाच्या वाऱ्यात मुळात बळ कमी असते आणि गोल आकारावरचा एकूण दाबही चौरसापेक्षा कमी असतो, ही जमेची बाजू खरी आहे. तरीही 'गोल म्हणजे सुरक्षित' हे विधान अर्धेच खरे आहे, आणि हलक्या पोलादी धुराड्यांच्या बाबतीत तर ते धोकादायक ठरते. गोल धुराडी भोवऱ्यांमुळे जोराने हलतात हे इंजिनिअरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत क्रिस्टोफर स्क्रूटन यांनी 1950 च्या दशकात त्यावर जो उपाय विकसित केला, तो आजही अनेक धुराड्यांवर दिसतो. धुराड्याच्या वरच्या भागाभोवती सर्पिल चढत जाणाऱ्या पत्र्याच्या तीन पट्ट्या बसवतात आणि त्यांची रुंदी धुराड्याच्या व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी ठेवतात. या पट्ट्यांमुळे समोरून बसणारा वाऱ्याचा दाब वाढतो. तरीही धुराडे डोलायचे थांबते, कारण प्रत्येक उंचीवर हवा वेगळ्या जागी सुटते आणि भोवऱ्यांना पूर्ण उंचीवर एका तालात सुटता येत नाही.

मला या प्रश्नाच्या उत्तरात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. चांगला आकार म्हणजे वाऱ्याला अलगद सरकू देणारा आकार, ही समजूत विमानाच्या पंखाबाबत योग्य आहे. इमारतीच्या बाबतीत चांगला आकार तो, जो भोवऱ्यांना संघटित होऊ देत नाही. कोपरा, निमुळतेपणा, पीळ, आरपार पोकळी हे सगळे उपाय या एकाच कसोटीवर तपासावेत.

कोपऱ्यापासून सुरुवात करावी, कारण सर्वांत कमी किमतीत सर्वांत जास्त फायदा तिथेच मिळतो. चौरसाचा टोकदार कोपरा हवेला फेकून देतो आणि मागचा भोवऱ्यांचा पट्टा रुंद होतो. कोपरा तिरपा छाटला, गोल केला किंवा त्यात खाच घेतली, तर सुटलेली हवा बाजूच्या भिंतीला पुन्हा चिकटण्याची शक्यता वाढते, मागचा पट्टा अरुंद होतो आणि आडवे बल उतरते. ही छाट इमारतीच्या रुंदीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असली, तर तिचा परिणाम ठळक दिसतो. अगदी किरकोळ छाटीला फारसा अर्थ नसतो. 2004 साली पूर्ण झालेल्या 508 मीटर उंचीच्या तैपेई 101 या इमारतीचे कोपरे आधी सरळ चौकोनी होते. विंड टनेलमधल्या, म्हणजे कृत्रिम वारा सोडून प्रतिकृती तपासण्याच्या बोगद्यातल्या, चाचण्यांनंतर त्यांना दुहेरी खाचा दिल्या आणि पायाशी येणारे आघूर्ण, म्हणजे इमारतीला उलथवू पाहणारा जोर, सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाले. कोपऱ्यातली जागा सर्वांत महाग विकली जाते, त्यामुळे विकासक या छाटीला अनेकदा विरोध करतात. दुहेरी खाचेमुळे मात्र प्रत्येक मजल्यावरच्या कोपऱ्यांची संख्या वाढते. ही गोष्ट नकाशावर काढून दाखवली, की बैठकीतला विरोध बराच मावळतो, असा माझा अनुभव आहे.

तरीही तैपेई 101 मध्ये वरच्या मजल्यांवर 660 टनांचा पोलादी गोळा डॅम्पर, म्हणजे डोलण्याची ऊर्जा जिरवणारे साधन, म्हणून टांगावा लागला, हेही लक्षात ठेवावे. आकाराने बल कमी होते. ते नाहीसे होत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे उंचीनुसार आकार बदलत नेणे. भोवऱ्यांची वारंवारता रुंदीवर ठरते, तेव्हा रुंदी सतत बदलत गेली तर प्रत्येक पातळीवरची लय वेगळी राहते आणि त्या एकमेकींना साथ देत नाहीत. याचे सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण 828 मीटर उंचीची बुर्ज खलिफा. तिचा तलविन्यास तीन पंखांचा आहे, मधला षट्कोनी गाभा आणि त्याला तिन्ही बाजूंनी टेकू देणारे पंख. हे पंख वर जाताना एकेक करून, सर्पिल क्रमाने मागे सरतात. त्यामुळे कोणत्याही दोन टप्प्यांत वाऱ्याला तोच आकार पुन्हा भेटत नाही. मुख्य संरचनाकार बिल बेकर यांनी या योजनेचे वर्णन वाऱ्याला गोंधळात टाकणे असे केले आहे, आणि ते शास्त्रीयदृष्ट्या चपखल आहे. त्या इमारतीच्या चाचण्यांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. वारा पंखाच्या टोकावर येतो तेव्हाचा प्रतिसाद आणि दोन पंखांच्या बेचक्यात येतो तेव्हाचा प्रतिसाद यांत बराच फरक पडतो. म्हणून त्या जागी जोराचे वारे कोणत्या दिशांनी येतात हे पाहून इमारतीची दिशा ठरवली गेली. इमारत काही अंश फिरवायला सिमेंटचे एक पोतेही जास्त लागत नाही, आणि तरीही ही तपासणी बहुतेक प्रकल्पांत फार उशिरा होते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

निमुळतेपणाचा दुसरा फायदा सरळ आहे. सर्वांत जोराचा वारा सर्वांत वर असतो, तिथेच त्याला कमी क्षेत्रफळ मिळते आणि पायापासूनची तरफही तिथेच सर्वांत लांब असते. मात्र अगदी बारीक होत गेलेल्या टोकाचे वस्तुमान कमी असल्याने वरच्या मजल्यांचा प्रवेग कधी कधी अपेक्षेइतका उतरत नाही. तो स्वतंत्रपणे तपासावाच लागतो.

आता पिळाविषयी. पीळ दिलेल्या इमारतीत कोणत्याही एका दिशेने आलेला वारा वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळ्या कोनात भिडतो, त्यामुळे पूर्ण उंचीवर एकाच वेळी सर्वांत वाईट कोन कधीच येत नाही. 632 मीटर उंचीच्या शांघाय टॉवरचा आकार गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणाचा आहे. त्याच्या एका कोपऱ्यात खाच आहे, तो वर निमुळता होतो आणि तळापासून माथ्यापर्यंत सुमारे 120 अंश फिरतो. विंड टनेलमध्ये वेगवेगळ्या पिळांच्या प्रतिकृती तपासून हा कोन ठरवला गेला आणि वाऱ्याचे बल सुमारे 24 टक्क्यांनी कमी झाल्याचे त्याच्या रचनाकारांनी मांडले आहे. तेव्हा तो पीळ निव्वळ दिखाऊ नाही. पण आतले मजले गोल आहेत, ते सरळ एकावर एक रचलेले आहेत आणि फिरते ती बाहेरची काचेची त्वचा. संपूर्ण सांगाडाच पिळला, तर खांब तिरपे होतात, गुरुत्वाकर्षणाच्या भारातूनच इमारतीला कायमचा पीळ बसू पाहतो आणि वाऱ्यात वाचवलेले साहित्य तिथे खर्च होते. दीड-दोनशे मीटरच्या इमारतीला पीळ दिला असेल, तर त्यामागे वाऱ्याचे कारण बहुधा नसते. त्या उंचीवर तोच फायदा कोपरे छाटून फार स्वस्तात मिळतो.

हवेला इमारतीतून आरपार जाऊ देणे हा आणखी एक उपाय आहे. न्यूयॉर्कमधली 432 पार्क ॲव्हेन्यू ही इमारत 426 मीटर उंच आणि जेमतेम साडेअठ्ठावीस मीटर रुंद आहे. ती तळापासून वरपर्यंत एकसारखी चौरस आहे, म्हणजे भोवऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत प्रतिकूल आकाराची. म्हणून तिथे दर 12 मजल्यांनंतर दोन मजल्यांएवढी जागा उघडी ठेवली आहे. तिथून वाहणारी हवा मागच्या कमी दाबाच्या पट्ट्यात शिरते आणि भोवऱ्यांची सलग रांग तुटते. एवढे करूनही माथ्याजवळ जड डॅम्पर बसवावे लागले. आकार आधी ठरला आणि वाऱ्याचे उपाय नंतर त्यात बसवले, की किती किंमत द्यावी लागते, हे या इमारतीकडे पाहून समजते.

मग बहुतेक इमारती चौकोनीच का? कारण बहुतेक उंच इमारती एवढ्या सडपातळ नसतात. उंची रुंदीच्या चार-पाच पटींच्या आत असेल, तर लय जुळण्याचा वेग त्या जागी येऊ शकणाऱ्या वाऱ्याच्या सहसा बराच वर राहतो. अशा वेळी चौकोनी मजल्यांची सोय, सोपे साचे, फर्निचरला मिळणाऱ्या सरळ भिंती आणि भूखंडाचा पुरेपूर वापर यांचे पारडे जड होते, आणि ते योग्यच आहे. पाच-सहा पटींच्या पुढे मात्र आकाराचा विचार वाऱ्याच्या तज्ज्ञाला सोबत घेऊनच करावा.

इमारत पडेल का, ही भीती प्रश्नांमध्ये नेहमी दडलेली असते, म्हणून स्पष्ट सांगतो की नीट रचलेल्या उंच इमारतीत बहुधा आधी संपते ती माणसांची सहनशक्ती. ताकदीची मर्यादा बरीच पुढे असते. माणसाला विस्थापन, म्हणजे इमारत किती सरकली हे, जाणवत नाही; प्रवेग, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो हे, जाणवते. गुरुत्वीय प्रवेगाच्या हजाराव्या हिश्शांत मोजले, तर 5 च्या आसपास काही जणांना हालचाल कळू लागते. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळात वरच्या मजल्यावरचा प्रवेग घरांमध्ये साधारण 15 ते 18 आणि कार्यालयांत 20 ते 25 या मर्यादेत ठेवण्याचा प्रघात आहे. घरांसाठी मर्यादा कडक असण्याचे कारण साधे आहे. लोक तिथे रात्री झोपलेले असतात आणि वादळात घर सोडून कुठे जाऊ शकत नाहीत. आधी सांगितलेली आडवी हालचाल वाऱ्याच्या वेगाबरोबर फार झपाट्याने, अनेकदा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे आकारात केलेली थोडी सुधारणाही या मर्यादेच्या आत-बाहेरचा निर्णय फिरवू शकते.

पिळवटण्याच्या हालचालीचा उल्लेख थोडक्यात करतो. एल आकाराच्या किंवा एका बाजूला गाभा असलेल्या इमारतीत वाऱ्याच्या दाबाचे केंद्र आणि सांगाड्याच्या दृढतेचे, म्हणजे ताठपणाचे, केंद्र एकावर एक येत नाहीत. अशी इमारत स्वतःभोवतीही फिरते आणि टोकाच्या खोल्यांत ते सर्वांत जास्त जाणवते.

शेजारच्या इमारतींचा प्रश्न मात्र त्याहून गंभीर आहे आणि फार दुर्लक्षिला जातो. इंग्लंडमधल्या फेरीब्रिज वीजकेंद्रात 1 नोव्हेंबर 1965 रोजी आठपैकी तीन शीतक मनोरे वाऱ्यात कोसळले. ते प्रत्येकी सुमारे 114 मीटर उंच आणि गोल छेदाचे होते, म्हणजे सर्वसाधारण समजुतीप्रमाणे वाऱ्याला अनुकूल. पडले ते वाऱ्याच्या दिशेने मागच्या रांगेतले. कारण एकच नव्हते, वाऱ्याचे मूळ गृहीतक आणि कवचातले पोलाद हेही कमी पडले होते, पण पुढच्या मनोऱ्यांमधून वेगाने वाट काढत आलेली खवळलेली हवा मागच्यांवर आदळली, हा त्या घटनेचा मोठा धडा होता. चांगल्या आकाराची इमारतही दुसऱ्या मनोऱ्याच्या भोवऱ्यांच्या पट्ट्यात उभी केली, तर तिच्या आकाराचा फायदा बराचसा वाया जाऊ शकतो.

आणि जमिनीवरून चालणारा माणूस. रुंद, सपाट भिंतीवर आदळलेली हवा खाली घसरते आणि पायथ्याशी कोपऱ्यांवरून वेगाने सुटते. इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या 112 मीटर उंचीच्या ब्रिजवॉटर प्लेसपाशी 2011 मध्ये वाऱ्याने एक ट्रक उलटून पादचाऱ्याचा मृत्यू झाला आणि नंतर तिथे रस्त्यावर वारा अडवणाऱ्या मोठ्या पट्ट्या उभाराव्या लागल्या. पायथ्याला रुंद पोडियम (मनोऱ्याखालची बुटकी, पसरट इमारत), वरचा मनोरा त्यापासून थोडा आत, प्रवेशावर छत, गोलसर कोपरे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. सांगाड्याला मानवणारा आकार रस्त्यालाही मानवेलच असे नाही, म्हणून दोन्ही तपासण्या स्वतंत्रपणे कराव्यात.

हे सगळे तपासायचे कसे? 1960 च्या दशकात न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी वाऱ्याचे तज्ज्ञ जॅक सर्माक आणि ॲलन डेव्हनपोर्ट यांनी ज्या प्रकारच्या चाचण्या केल्या, त्यांचीच विकसित रूपे आज वापरात आहेत. साधारण 1:400 प्रमाणात 300 मीटरची इमारत पाऊण मीटरची होते. ती एका फिरत्या तबकडीवर उभी करतात, भोवतीच्या काहीशे मीटर परिसरातल्या इमारतीही त्याच प्रमाणात मांडतात आणि समोर लाकडी ठोकळ्यांच्या रांगा लावून जमिनीलगतचा खवळलेला वारा तयार करतात. मग तबकडी दहा-दहा अंशांनी फिरवत 36 दिशांना प्रतिकृतीच्या पायाशी येणारी बले मोजतात. टोकदार कोपऱ्यांच्या इमारतींसाठी या मोजमापावर बराच विश्वास ठेवता येतो, कारण हवा कुठे सुटणार हे कोपराच ठरवतो. गोल इमारतीत ती जागा वेगावर आणि आकारमानावर ठरते. लहान प्रतिकृतीत हवा जिथे सुटते तिथे ती खऱ्या इमारतीत सुटेलच असे नाही. म्हणून गोल प्रतिकृतींचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करतात आणि निकाल अधिक सावधपणे वाचतात. संगणकीय गणन आकारांची प्राथमिक तुलना करायला उपयोगी आहे, पण अंतिम बलांसाठी मी आजही विंड टनेलच वापरतो.

प्रकल्पाशी संबंधित कुणी हे वाचत असेल, तर एक व्यावहारिक सूचना. पहिली चाचणी नकाशे गोठण्याच्या आधी करून घ्या, आणि एकाच आकाराची करू नका. त्याच उंचीचे, त्याच मजल्याच्या क्षेत्रफळाचे तीन-चार आकार घ्या: सरळ कोपऱ्यांचा, खाचांचा, निमुळता, आणि जमल्यास थोडा फिरवलेला. त्यांच्या हलक्या प्रतिकृती बलमापक तराजूवर एकापाठोपाठ एक तपासता येतात आणि त्यांच्या निकालांतला फरक पाहून वास्तुरचनाकार व विकासक दोघांनाही निर्णय घेणे सोपे जाते. हा टप्पा निघून गेला, की आकार बदलता येत नाही. मग भिंती जाड करणे किंवा माथ्यावर डॅम्परसाठी जागा सोडणे एवढेच हाती उरते, आणि ती जागा नेहमी सर्वांत वरच्या, सर्वांत महाग मजल्यांतूनच काढावी लागते.